खांबाचे बूड आणि दाताची हिरडी



ज्या देवापुढे आपण दहा दिवस टाळ्या वाजवून आरती म्हणतो, त्याचे एक नाव एकदंत. एका दातावर त्याचे युगानुयुगे व्यवस्थित चालले आहे. आपण मात्र एक दाढ गेली की हवालदिल होतो! दरवर्षी या स्मरणिकेत मी रेल्वेच्या जुन्या पुलांचा नाहीतर स्थानकांचा इतिहास लिहितो. यंदा सचिवांना म्हटले, या वेळी पूल नको, दात लिहितो. ते हसले. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या वसाहतीतल्या निदान पाच-सहा घरांत आता इम्प्लांटचे दात आहेत, आणि त्यांतला एक माझ्या तोंडात आहे.

माझी खालची उजवी दाढ २०१६ मध्ये काढावी लागली. २०१७ मध्ये तिथे टायटॅनियमचा स्क्रू बसवून वर कृत्रिम दात चढवला. सुरुवातीला सगळे छान होते. भाकरी, चिवडा, उसाचे करवे, काहीही चालायचे. २०२१ च्या सुमारास त्या जागी ब्रश लागला की हुळहुळू लागले. हुळहुळते म्हणून मी तिथे ब्रश हळू फिरवू लागलो, नंतर टाळूच लागलो. मग हिरडी लाल झाली, सुजली, रक्त दिसू लागले. दंतवैद्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, "हाड अजून चांगले आहे. पण स्क्रूभोवती घट्ट हिरडी उरलेलीच नाही. टाळूची थोडी कातडी काढून इथे लावावी लागेल."

खरे सांगतो, मला ती पैसे काढण्याची युक्ती वाटली. स्क्रू हाडात पक्का आहे, दात हलत नाही, मग वरच्या चामडीचे एवढे काय कौतुक? मी विषय पुढे ढकलला.

त्याच काळात आमचे एक निवृत्त ज्येष्ठ सहकारी आरतीला आले आणि प्रसादाचा मोदक एकाच बाजूने खाताना दिसले. चौकशी केली तेव्हा कळले, त्यांचे इम्प्लांट निघाले. दुखले नाही, ठणकले नाही. एके दिवशी हलू लागले, आणि काढले तेव्हा त्याच्या भोवतीचे हाड जवळजवळ संपलेले होते. "इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो," ते म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला, आणि वाचता वाचता माझ्याच खात्यातली एक गोष्ट मला तिथे भेटली.

खांब कुठे गंजतो?

आम्ही विजेच्या कर्षणाचे लोक. गाडीच्या वरची तार धरून ठेवणारे लोखंडी खांब आमच्या देखभालीत असतात. बाहेरच्या माणसाला वाटते, खांब गंजत असेल तर वरती, जिथे ऊन-पाऊस लागतो तिथे. प्रत्यक्षात धोका असतो तो जमिनीच्या रेषेशी. तिथे ओल असते, हवा असते, माती आणि कचरा साठून राहतो. म्हणून पायाच्या वर, खांबाच्या बुडाभोवती आम्ही काँक्रीटची उतरती टोपी करतो. तिला मफ म्हणतात. पाणी बुडाशी न थांबता बाहेर वाहून जावे, एवढेच तिचे काम. मफ फुटला, किंवा खडी-मातीखाली गाडला गेला, की आत गंज सुरू होतो. खांब मात्र सरळ उभाच दिसतो, अगदी शेवटपर्यंत.

इम्प्लांटचेही हेच आहे. हाड म्हणजे पाया, स्क्रू म्हणजे खांब आणि हिरडी म्हणजे मफ. दंतशास्त्राच्या जगाने आधी पायाकडे पाहिले. मफकडे लक्ष जायला बराच काळ लागला.

पायाचा शोध

स्वीडनमधील लुंड येथे १९५२ मध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्ताभिसरण कसे चालते ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमचे छोटे नळकांडे बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते काढून पुन्हा वापरायचे होते, पण ते निघेना! हाड धातूला अगदी चिकटून वाढले होते. दुसऱ्या कुणी वैतागून नवे नळकांडे मागवले असते. ब्रोनेमार्क यांनी ते का निघत नाही याचाच पाठपुरावा केला.

पुढे गोथेनबर्ग येथे १९६५ मध्ये त्यांनी गोस्ता लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मतःच व्यंग होते. त्यांचे निधन २००६ मध्ये झाले, तोवर ते त्याच आधारावरच्या दातांनी जेवत होते. दहा वर्षांच्या अनुभवाचा अहवाल १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हाड व धातू यांच्या या एकजीव होण्याला 'ऑसिओइंटिग्रेशन' हे नाव रूढ झाले. १९८२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे जॉर्ज झार्ब यांनी परिषद भरवली. तिच्यानंतर उत्तर अमेरिकेतील दंतवैद्यांनी ही पद्धत मनापासून स्वीकारली.

ब्रोनेमार्क यांच्या पद्धतीत स्क्रू बसवल्यावर हिरडी शिवून टाकत आणि तो खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वरच्या जबड्यात सहा महिने झाकून ठेवत. सगळी काळजी हाडाची. हिरडी म्हणजे पांघरूण, असाच समज. स्वित्झर्लंडमध्ये आंद्रे श्रोडर यांनी वेगळी वाट धरली. त्यांचे इम्प्लांट पहिल्या दिवसापासून हिरडीच्या बाहेर डोकावत असे, त्यामुळे हिरडी त्याच्याशी कशी वागते हे पाहणे त्यांना भागच होते. १९८१ च्या त्यांच्या निबंधात हाडाबरोबर हिरडीच्या दोन्ही थरांचा विचार आढळतो.

दात आणि खांब यांतला फरक

निसर्गाने दिलेल्या दाताभोवती हिरडीचे बारीक तंतू असतात. ते दाताच्या मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थरात आडवे घुसलेले असतात. भिंतीत रोवलेल्या खिळ्यांसारखी ती पकड असते. त्यामुळे जंतूंना खाली उतरणे अवघड जाते. १९६१ मध्ये अमेरिकेत गार्गिउलो, वेन्ट्झ आणि ऑर्बन यांनी मृतदेहांच्या जबड्यांवर मोजमापे घेऊन दाखवले की दाताला चिकटलेल्या या पट्ट्याची उंची सरासरी सुमारे २ मिलिमीटर असते. दोन मिलिमीटर म्हणजे साखरेच्या एका दाण्याएवढी तटबंदी. तिच्या आत हाड सुरक्षित असते.

टायटॅनियमवर सिमेंटम नसतो. मग तिथे हिरडी कशी चिकटते? या प्रश्नाचे उत्तर गोथेनबर्गमध्येच टोर्ड बेर्गलुंड, यान लिंडे आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये कुत्र्यांवरील अभ्यासातून दिले. इम्प्लांटभोवतीही तटबंदी तयार होते. वर सुमारे २ मिलिमीटर पातळ आवरणाचा भाग, त्याखाली १ ते १.५ मिलिमीटर तंतूंचा. पण हे तंतू धातूत घुसत नाहीत, त्याला समांतर उभे राहतात. शर्टाची कॉलर गळ्याला बसते तसे. शिवाय दाताभोवतीच्या हिरडीला दोन बाजूंनी रक्त मिळते, दात आणि हाड यांच्यामधल्या अस्तरातून आणि हाडावरच्या आवरणातून. इम्प्लांटला ते मधले अस्तरच नसते, त्यामुळे रक्ताचा एक मार्ग बंद. हे १९९४ मध्ये त्याच गटाने दाखवले. म्हणजे पकड ढिली आणि रसदही कमी.

याच दोघांचा १९९६ चा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांनी काही ठिकाणी हिरडी मुद्दाम पातळ केली, २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. मग काय झाले? शरीराला तटबंदीसाठी ठराविक उंची हवीच असते. वर जागा मिळाली नाही, तर ती खालून घेतली जाते. तेवढे हाड झिजून गेले! २००९ मध्ये लिथुआनियातील तोमास लिंकेव्हिचियस यांनी माणसांमध्ये हेच पाहिले. हिरडी पातळ असेल तर पहिल्या वर्षातच सुमारे १.४५ मिलिमीटरपर्यंत हाड झिजू शकते. ज्या हिरडीला मी 'वरची चामडी' म्हणत होतो, तिच्या जाडीवर माझ्या पायाचे आयुष्य ठरत होते.

पुण्याचे नाक

एका जागेची कातडी दुसऱ्या जागी लावायची, ही कल्पना मात्र आपल्या देशाला नवी नाही. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याचे वर्णन आहे. आणि पाश्चात्त्य जगाला तिची जाग आली ती आपल्या पुण्यामुळे. इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचा तुकडा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. विटा करणाऱ्यांच्या जातीतला माणूस, असे त्याचे वर्णन आहे. ही हकीकत चित्रासह ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. त्या पुणेरी कारागिराचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

कावसजीच्या कातडीचा देठ कपाळाशी जोडलेलाच होता, म्हणून तिला रक्त मिळत राहिले. देठ तोडून पूर्ण सुटा तुकडा लावला तर तो जगेल का? १८६९ मध्ये पॅरिसमध्ये रेव्हरदाँ यांनी त्वचेचे छोटे सुटे तुकडे जखमेवर जगवून दाखवले. तोंडाच्या बाबतीत ही पायरी यायला आणखी जवळपास शंभर वर्षे गेली. १९६३ मध्ये स्वीडनमधील ब्योर्न यांनी हिरडीच्या सुट्या कलमाचे वर्णन केले, आणि १९६८ मध्ये अमेरिकेत सलिव्हन व अ‍ॅटकिन्स यांनी त्याचे नियम घालून दिले.

हे कलम जगते कसे, हे वाचताना मला आपल्या कोकणातल्या आंब्याच्या कलमांची आठवण झाली. पहिले दोन-तीन दिवस त्या तुकड्याला स्वतःचे रक्त नसते. खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तो तग धरतो. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरतात आणि साधारण दीड आठवड्यात पुरवठा सुरळीत होतो. म्हणून त्या दिवसांत कलम हलता कामा नये आणि त्याच्याखाली रक्ताची गुठळी साठता कामा नये. आंब्याचे कलमही घट्ट बांधावे लागते ते उगीच नाही.

दुसरा प्रश्न होता, टाळूचीच कातडी का? १९७५ मध्ये कारिंग, लांग आणि ल्यो यांनी माकडांवरील प्रयोगात दाखवले की वरची कातडी घट्ट होणार की सैल, हे खालचा तंतुमय थर ठरवतो. टाळूखालचा थर नेऊन लावला की त्यावर घट्ट हिरडीच उगवते. जमीन जशी तसे पीक! म्हणूनच १९७४ मध्ये एडेल यांनी आणि १९८० नंतर न्यूयॉर्कच्या बर्टन लँगर यांनी वरची कातडी जागेवर ठेवून फक्त आतला थर काढून लावण्याची पद्धत पुढे नेली. त्यात टाळूची जखम शिवून बंद करता येते आणि रंगही भोवतालच्या हिरडीशी जुळतो. ही कलमे मुळात दातांसाठी निघाली. इम्प्लांटवाल्यांनी ती नंतर उचलली.

सगळ्यांनाच हवे का?

इथे मला प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नैसर्गिक दाताभोवती निदान २ मिलिमीटर घट्ट हिरडी असावी, असे लांग आणि ल्यो यांनी १९७२ मध्ये सुचवले होते. तोच आकडा पुढे इम्प्लांटलाही लावला गेला. पण १९९४ मध्ये स्वीडनमधील वेन्स्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी दाखवले की स्वच्छता चांगली असेल तर घट्ट हिरडी कमी असूनही प्रकृती ठीक राहू शकते. वाद अनेक वर्षे चालला. २०१७ मध्ये शिकागोत जगभरचे तज्ज्ञ जमले आणि २०१८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दीर्घकालीन आरोग्यावरच्या परिणामाबद्दल पुरावा दोन्ही बाजूंचा आहे, पण घट्ट हिरडी असेल तर रुग्णाला त्रास कमी होतो आणि साफसफाई सोपी जाते, असे त्यांनी नोंदवले.

हे वाचले आणि माझे कोडे सुटले. सैल हिरडी ब्रश लागला की दुखते. दुखते म्हणून माणूस ब्रश टाळतो. टाळले की थर साठतो, आणि थर साठला की सूज येते. थर साठल्यावर काय होते हे तर १९६५ मध्येच डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो यांनी सिद्ध केले होते. बारा निरोगी माणसांना त्यांनी दात घासणे बंद करायला लावले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे सुरू करताच बऱ्या झाल्या. १९९४ मध्ये इम्प्लांटभोवतीही तीन आठवड्यांत तीच सूज आलेली दिसली. सूज हिरडीपुरती असेल तोवर परत फिरता येते. ती हाडापर्यंत पोचली की गेलेले हाड सहजी परत येत नाही. मी त्या वळणावर उभा होतो.

माझे कलम

आधी दंतवैद्यांनी साफसफाई करून सूज उतरवली. सुजलेल्या जागी कलम लावत नाहीत. मग २०२२ मध्ये, भूल देऊन, टाळूवरून सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा काढला आणि इम्प्लांटच्या बाहेरच्या बाजूला बारीक टाक्यांनी घट्ट बसवला. पर्याय म्हणून कोलाजेनची तयार पट्टीही मिळते, तिने टाळूची जखम वाचते. पण बाजारातल्या अशा काही पट्ट्या डुकराच्या कोलाजेनपासून केलेल्या असतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधीच विचारून घ्यावे. मी स्वतःची टाळू दिली.

दुसऱ्या दिवशी आरशात पाहिले तर तुकडा पांढराफटक. मी घाबरलो. चौथ्या-पाचव्या दिवशी गुलाबी छटा दिसली आणि जीव भांड्यात पडला. टाळूचा त्रास मात्र कलमापेक्षा जास्त झाला. पंधरा दिवस मऊ भात, गार ताक आणि सौभाग्यवतीची बोलणी, यांवर काढले. कलम थोडे आकसले, तसे ते आकसतेच. पण आज तिथे फिकट गुलाबी, न हलणारी पट्टी आहे. ब्रश फिरवला की दुखत नाही, म्हणून मी तो फिरवतो. कलमाने केलेले काम एवढेच, आणि ते पुरेसे आहे.

ज्यांच्या तोंडात इम्प्लांट आहे त्यांना माझी विनंती. ओठ-गाल हलकेच ओढून आरशात पाहा. इम्प्लांटच्या कडेची हिरडी गालाबरोबर हलते का? ब्रश लागला की दुखते का, रक्त येते का? तसे असेल तर 'हलत नाही ना, मग झाले' असे म्हणू नका. इम्प्लांट हलते ते अगदी अखेरीस. वर्षातून एकदा तरी तपासणी करा. सर्वांनाच कलम लागते असे नाही, अनेकांचे नीट साफसफाईवर भागते. रात्रपाळीत सिगारेट आणि गुटखा यांच्या आधाराने जागणाऱ्या मित्रांनी हेही लक्षात ठेवावे की धुराने कलम बिघडते आणि इम्प्लांटही.

आमच्या खात्यात नवा मुलगा आला की मी त्याला खांब वर न पाहता खाली पाहायला सांगतो. मफवरची माती काढ, तडा आहे का बघ. त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आता दुसरे इम्प्लांट बसवायचे आहे. हाड भरून येण्याची वाट पाहणे चालू आहे. या वेळी त्यांनी दंतवैद्यांना पहिला प्रश्न हिरडीबद्दल विचारला, असे त्यांनी मला स्वतः सांगितले. पुढच्या गणेशोत्सवात त्यांनी दोन्ही बाजूंनी मोदक खावा, हीच एकदंताच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!